मालगुंडचे आगाशे सर

मालगुंडच्या वासंती आगाशे यांना साठी ओलांडल्यावर टॉर्चचा नाद लागला. नाद हा शब्द त्यांच्या यजमानांचा, परशुरामांचा. त्या स्वतः त्याला अभ्यास म्हणत.

वासंतीबाईंची सगळी नोकरी रत्नागिरीच्या दूरध्वनी केंद्रात गेली. आधी ट्रंक कॉल जोडून द्यायचे, ते बंद झाल्यावर तक्रारी ऐकायच्या. त्यांचा आवाज जिल्हाभर ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता, आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. परशुराम एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्थानकावरच्या खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या. त्यांचा आवाज असा भरदार, की 'लांज्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी' एवढं म्हटलं तरी लांज्याला काही काम नसलेली माणसंही उठून उभी राहात. गावच्या नाटकात त्यांना हमखास काम मिळे, राजाचं नाहीतर वकिलाचं. निवृत्त झाल्यावर दोघं गावच्या घरी येऊन राहिली. पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीचं आगर, आणि आगराच्या कडेनं वर सड्यावर, कातळाच्या माळावर चढणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी.

सुरुवात एका फुरशापासून झाली. तिन्हीसांजेला बंबात घालायला नारळाची सोडणं आणायला वासंतीबाई मागल्या दारी गेल्या आणि ढिगात हात घालणार तेवढ्यात आत काहीतरी करकरलं. विषारी फुरसं होतं. हात वेळेवर मागे आला, पण त्या फोनवर आर्याला हे सांगून बसल्या. आर्या म्हणजे त्यांची मुलगी, बंगळूरला असते. तिनं तिकडे ओरडा केला आणि आठवडा व्हायच्या आत कुरिअरनं एक डबी आली. डबी एवढीशी, की परशुरामांना वाटलं कानातलं पाठवलंय. आतून निघाली अंगठ्याएवढी टॉर्च. ही नमुन्याची असेल, खरी मागून येईल, असं परशुराम म्हणाले. वासंतीबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तोंड आपल्याकडे असताना बटण दाबलं. चहा होईपर्यंत त्यांना जिकडेतिकडे हिरवेजांभळे गोळे दिसत होते. त्या टॉर्चबद्दल त्यांना आदर वाटला तो तेव्हापासून.

सोबत एक माहितीपत्रक होतं. त्यावरची अक्षरं इतकी बारीक, की ती वाचायला टॉर्च लागावी. बटण एकच, पण ते एकदा दाबलं की पेटायचं, दाबून धरलं की उजेड वाढत जायचा, सोडून पुन्हा धरलं की उतरायचा, पटकन दोनदा दाबलं की डोळे दिपायचे, तीनदा दाबलं की ती डोळे मिचकावून सेलात किती जीव उरलाय ते सांगायची. आणि चारदा दाबलं की कुलूप. मग काही केल्या पेटायची नाही. वासंतीबाईंकडून ते कुलूप नकळत लागलं आणि दोन दिवस त्यांना टॉर्च मेली असंच वाटत होतं. दुसऱ्या कुणी आर्याला फोन लावला असता. पण त्यांनी जन्मभर लोकांच्या तक्रारी घेतल्या होत्या आणि निम्म्या तक्रारी फोनची वायर न लावल्याच्या असतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या चष्मा लावून बसल्या, पत्रक पहिल्यापासून वाचलं, कुलूप सापडलं, निघालं. त्या दुपारी त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी परशुरामांना सांगायचा प्रयत्न केला. परशुराम म्हणाले की पेटवायला आणि विझवायला शिकावं लागतं अशी ही पहिलीच बॅटरी आपण पाहतो आहोत.

त्यानंतर टॉर्चा येत राहिल्या. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एकीच्या बुडाला लोहचुंबक होतं. ती कपाटाला चिकटली, तांदळाच्या कोठीला चिकटली, एकदा शेजाऱ्यांच्या स्कूटरला चिकटून थेट जयगडला जाऊन आली. दुसरीला आपण शेवटचं काय केलं ते लक्षात राहायचं. रात्री प्रखर करून विझवली की पहाटे डोळे अर्धवट मिटलेले असताना तेवढीच प्रखर पेटायची. तिसरी काजव्याइतकी मंद जळू शकायची, आणि इतकी मंद, की ती चालू आहे हे वासंतीबाईंना कळलंच नाही. देव्हाऱ्याच्या फळीवर ती आठवडाभर जळत होती. चौथीचा उजेड हिरवट. त्यात परशुरामांचा चेहरा पाहून वासंतीबाईंनी त्यांना काढा दिला होता.

या सगळ्याबद्दल बोलायचं कुणाशी? आर्याला वेळ नसे आणि परशुरामांना ऐकायचं नसे. मग आर्यानंच शोधून त्यांना फोनवरच्या एका मंडळात घातलं. मंडळाचं नाव 'उजेडवाले'. महाराष्ट्रभरचे टॉर्चवेडे त्यात होते. वासंतीबाईंचं नाव तिथं व्ही. पी. आगाशे असं लागलं आणि चित्राच्या जागी त्यांनी अंगणातली जास्वंद लावली.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एका नव्या टॉर्चचं कौतुक केलं होतं, दोन हजार लुमेन, तेही मुठीत मावणारी. वासंतीबाईंकडे तीच होती. त्यांनी लिहिलं: 'मुळात म्हणजे दोन हजार आहेत हे खरं, पण ते सत्यनारायणाला येऊन उभ्या उभ्या तीर्थ घेऊन निघणाऱ्या पाहुण्यासारखे आहेत. मिनिटभरात टॉर्च तापते आणि उजेड काढता पाय घेतो. मागे राहतो तो साधा पाचशेचा, घरचा. घ्यायची तर त्या घरच्यासाठी घ्या.' त्यावर धडाधड अंगठे आले आणि केतन नावाच्या कोल्हापूरच्या मुलानं लिहिलं, 'वा, आगाशे सर.'

आपण सर नाही हे सांगायला त्यांनी फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात दूध उतू गेलं. दूध पुसून येईपर्यंत आणखी चौघांनी सर म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड वाटलं, महिन्याभरानं अशक्य झालं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. मंडळात राही नावाची पुण्याची एक मुलगी होती, दातांची डॉक्टर. तिनं काही लिहिलं की हटकून कुणीतरी विचारायचं, टॉर्च भावाची का? तिला लेन्समधलं उत्तम कळत होतं. वासंतीबाईंनी एकदा खडसावून लिहिलं की टॉर्च कुणाची हे विचारण्यापेक्षा राही काय म्हणते ते वाचा, आणि सगळे गप्प झाले, कारण सरांनी लिहिलं होतं. सर असण्यात सोय होती. वासंतीबाई सर राहिल्या.

असं सुरळीत चाललेलं असताना जानेवारीत केतननं जाहीर केलं की तो, राही आणि लांज्याचा सोहम असे तिघं येत्या शनिवारी मालगुंडला सरांच्या पाया पडायला येत आहेत. सरांनी वर सड्यावरच्या बंद चिरेखाणीचं वर्णन केलं होतं, उजेडाची तुलना करायला तशी जागा नाही म्हणून, तर तिथेच सगळ्या टॉर्चा लावून पाहू.

वासंतीबाईंनी दोन दिवस विचार केला. सर बाहेरगावी गेलेत म्हणावं, तर ती मुलं पुढल्या शनिवारी येतील. खरं सांगावं, तर इतके दिवस काय केलं याचं उत्तर द्यावं लागेल. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परशुरामांपुढे घावन आणि नारळाचा रस ठेवला. परशुरामांना संशय आला, कारण एरवी त्यांना रस वाढताना साखरेवर भाषण व्हायचं.

"एक दिवस माझं काम कराल का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"कसलं?"

"माझं म्हणजे माझंच. आगाशे सरांचं."

सगळं ऐकून घेतल्यावर परशुराम बराच वेळ हसले. मग नाही म्हणाले. आपल्याला त्या बॅटऱ्यांतलं ओ की ठो कळत नाही, पोरं शहाणी असतील, पकडतील. वासंतीबाई म्हणाल्या, तुम्हाला तरी वकिलीतलं कुठे काय कळत होतं, पण तिसऱ्या अंकात तुम्ही आरोपीला सोडवलाच ना. हे बरोबर लागू पडलं. परशुराम थोडे ताठ बसले आणि संवाद किती आहेत असं त्यांनी विचारलं.

दोन दिवस तालीम चालली. लुमेन म्हणजे एकूण उजेड, झोत किती लांब जातो ते निराळं. सेलांचे आकडे हे त्यांच्या जाडी-लांबीचे असतात. पिवळसर उजेडात लाल रंग लाल दिसतो. परशुराम आकडे पाठ करत आगरात फेऱ्या मारत, आणि गाड्यांच्या वेळा पाठ असायची सवय असल्यानं त्यांना ते जड गेलं नाही. फक्त कधी कधी 'अठरा सहाशेपन्नास' म्हटल्यावर तोंडात पुढे 'फलाट क्रमांक' यायचं. काही अडलंच तर काय करायचं, यावर वासंतीबाईंनी त्यांना एक हुकमाचं वाक्य दिलं: 'ते वापरावर अवलंबून आहे.' हे वाक्य परशुरामांना फारच आवडलं. शुक्रवारी रात्री भात वाढू का विचारल्यावर त्यांनी तेच उत्तर दिलं.

शनिवारी दुपारी गाडी आली. केतन उंच, दाढीवाला, खिसे फुगलेला. सोहमचं लांज्याला काजूचं दुकान होतं, त्यानं काजूगराची पिशवी आणली होती. राही बारीक, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. केतन परशुरामांना पाहताच पुढे झाला आणि वाकला. परशुरामांनी त्याला दोन्ही हातांनी उठवलं, राजाच्या भूमिकेत उठवायचे तसं, आणि "प्रवास सुखाचा झाला ना?" असं त्या आवाजात विचारलं. केतनच्या चेहऱ्यावर पहिल्याच वाक्यात समाधान पसरलं. त्याच्या मनातले सर अगदी असेच बोलत होते.

ओटीवर बैठक जमली. वासंतीबाई आत घावन घालत होत्या आणि कान बाहेर होते. सोहमनं विचारलं, नवीन आलेल्या चौकोनी टॉर्चबद्दल सरांचं मत काय. परशुराम थोडं थांबून म्हणाले, ते वापरावर अवलंबून आहे. सोहमनं मान डोलावली. केतननं विचारलं, सरांना झोत आवडतो की पसरट उजेड. तेही वापरावर अवलंबून होतं. केतन म्हणाला, किती खरं आहे, आम्ही उगाच भांडत बसतो. इथवर ठीक होतं. पण परशुरामांना प्रेक्षक मिळाले की हातचं राखता येत नसे. त्यांनी आपल्या पदरचं घालायला सुरुवात केली. समुद्राकाठी उजेड जड होतो, म्हणाले. खाऱ्या हवेमुळे. घाटावर जो झोत मैलभर जाईल तो इथं अर्ध्या वाटेत बसतो. तव्यावरचं घावन वासंतीबाईंच्या हातून फाटलं. बाहेर सोहम म्हणत होता, तरीच.

राही पाणी मागायला स्वयंपाकघरात आली. वासंतीबाईंचे हात पिठाचे होते, त्यांनी तिला मांडणीकडे बोट दाखवलं. मांडणीवर मसाल्याचा गोल डबा उघडा राहिला होता. त्यातल्या वाट्यांत हळद आणि मोहरीऐवजी आकारानुसार लावलेले सेल होते. राहीनं ते पाहिलं. मग तिनं विचारलं की ओटीवर जी हिरवट उजेडाची टॉर्च आहे तिचा हिरवटपणा घालवायला काही करता येतं का. वासंतीबाई तव्याकडे पाहत बोलून गेल्या, "मुळात म्हणजे ती कमी उजेडावरच हिरवी दिसते. वाढवली की जाते."

म्हणून झाल्यावर त्यांनी ओठ मिटले. पण राही हसत होती. मंडळात सरांची निम्मी वाक्यं 'मुळात म्हणजे'नं सुरू होतात, ती म्हणाली, आणि बाहेर बसलेल्या काकांनी तासाभरात एकदाही म्हटलं नाही. तिनं पुढे काही विचारलं नाही, आपण बोलणार नाही एवढं सांगितलं. फक्त जाता जाता म्हणाली, "संध्याकाळचं मात्र बघा, काकू. तिथं टॉर्च हातात घ्यावी लागेल."

सूर्य कलल्यावर सगळी मंडळी पाखाडी चढून सड्यावर गेली. वासंतीबाई थर्मास घेऊन मागून. चिरेखाण बरीच वर्षं बंद होती. चिरे काढून काढून उतरत गेलेली मोठी चौकोनी खोली, वर छप्पर तेवढं नाही. भिंती तांबड्या, त्यांवर यंत्राच्या पात्याच्या सरळ रेघा. आभाळात अजून उजेड होता पण खाणीच्या तळाला अंधारून आलं होतं. पोरं हरखली. सोहमनं आपली बारा डोळ्यांची टॉर्च लावली तेव्हा समोरची भिंत भर दुपारच्या उन्हात असल्यासारखी दिसली, आणि थोड्याच वेळात टॉर्च तापून तो ती या हातातून त्या हातात फेकू लागला. केतनचा झोत खाणीच्या दुसऱ्या टोकावरच्या आइनाच्या शेंड्यावर गेला आणि तिथले कावळे उठले.

मग सगळे सरांकडे वळले.

परशुरामांच्या उजव्या खिशात वासंतीबाईंची सगळ्यात नवी टॉर्च होती, बोटाएवढी, बुडाला चुंबक, आणि तापायच्या बाबतीत फार हट्टी. निघताना वासंतीबाईंनी दोनदा बजावलं होतं की खिशात ठेवताना चारदा दाबून कुलूप लावा. परशुरामांनी तीनदा दाबलं होतं. त्यांनी डावा हात उंचावला, घसा साफ केला आणि उजेड म्हणजे काय यावर बोलायला लागले. बोलताना उजवा हात त्यांनी, सवयीप्रमाणे, खिशावर ठेवला.

खिसा पेटला. म्हणजे आधी नुसता उजळला. टेरिकॉटच्या करड्या पँटमधून मांडीवर एक मोठा चंद्र उगवला, इतका स्वच्छ, की खिशातला रुमाल आणि त्याच्या घड्या दिसत होत्या.

"सर, कापडातून आरपार," सोहम भारावून म्हणाला.

"हेच दाखवायचं होतं," परशुराम म्हणाले.

केतननं चित्रीकरण सुरू केलं. परशुराम बोलत राहिले, पण त्यांचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला लागलं. मग वाक्यं लहान व्हायला लागली. उजेड हा. मुळात. ऊब देतो. त्यांनी खिशात हात घालून पाहिला आणि चटकन बाहेर काढला. पुन्हा घातला, पण टॉर्च निघेना. खिशात घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि चुंबकानं तो घट्ट धरून ठेवला होता; किल्ल्या अस्तरात अडकल्या होत्या आणि टॉर्च किल्ल्यांना. करपल्याचा वास आला. तरी परशुरामांनी भूमिका सोडली नाही. ते एका पायावर उभं राहून म्हणाले की हे सगळं वापरावर अवलंबून आहे.

वासंतीबाई थर्मास टाकून धावल्या. त्यांनी पँटवरूनच टॉर्च चिमटीत धरली, दुसऱ्या हातानं तिचं बूड कापडासकट अर्धा आटा फिरवलं आणि चंद्र विझला.

"किती वेळा सांगितलं, चारदा म्हणजे चारदा," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना थांबता येईना. "तीनदा दाबलं की ती सेलाचा दाब सांगते, कुलूप लावत नाही. मुळात म्हणजे या टॉर्चमध्ये उष्णता मोजायची सोय डोक्याकडे आहे. कापडात गुंडाळली की ती वेडी होते. हे मी दिवाळीत मंडळावर लिहिलं होतं, या केतननं त्याला अंगठा दिला होता. आणि समुद्राकाठी उजेड जड होतो म्हणे. कोणाचा शोध हा?"

वरती कावळे तेवढे परत येऊन बसत होते.

"तुम्ही लिहिलं होतं?" केतन हळूच म्हणाला.

"मी," वासंतीबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यांना एकदम हलकंही वाटलं. "व्ही. पी. म्हणजे वासंती परशुराम. मी पुरुष आहे असं मी कधीही लिहिलेलं नाही. तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत, मी मोडता घातला नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला, पण आधी यांच्या मांडीला गार पाणी लावू द्या."

सोहम आधी हसला, मग राही हसली. केतन मात्र तांबड्या भिंतीपेक्षा लाल झाला होता. कारण हळूहळू बाहेर आलं. बायकोला टॉर्चांचा राग येतो, काय करावं, असं त्यानं सरांना खासगीत विचारलं होतं, आणि एकदा विचारल्यावर बरंच काही मोकळेपणानं लिहिलं होतं. सर म्हणजे संसारातलं जाणणारा वडीलधारा पुरुष, अशा समजुतीनं. वासंतीबाईंनी तेव्हा त्याला उत्तर दिलं होतं की बायकोला विकतची माफी नको असते, तिच्या शिवणाच्या मशीनवर एक पिवळसर उजेडाची, चुंबकाची छोटी टॉर्च चिकटवून दे, सुई ओवता येईल.

"मग दिलीस का?" त्यांनी विचारलं.

दिली होती. बायकोनं ती परत दिलेली नव्हती, उलट दुसरी कधी येणार विचारलं होतं.

"मग आगाशे सर चुकले कुठे?" राही म्हणाली. केतन पुढे आला आणि दुसऱ्यांदा वाकला, या वेळी बरोबर पायांवर.

परशुराम चिऱ्यावर बसले होते. मांडीवर रुपयाएवढा तांबडा डाग, पँटला तेवढंच भोक. दुखतंय का विचारल्यावर ते म्हणाले, दुखणं राहू द्या, चित्रीकरण नीट झालं का ते सांगा. त्यांना ते लगेच पाहायचं होतं. पाहिलं आणि दोन ठिकाणी आपला आवाज पडला असं मत दिलं.

त्यानंतर अंधार पुरता उतरेपर्यंत वासंतीबाईंनी एकेक टॉर्च हातात घेतली. एकीचा मधला गोळा मळका, दुसरीच्या कडेला जांभळी किनार, तिसरी उगाच भपका करते, असं सांगत गेल्या. बोलताना त्या कुणाकडे पाहत नव्हत्या, भिंतीकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी आपली एक जुनी, साधी दिसणारी टॉर्च काढली आणि चिऱ्याच्या भिंतीवर धरली. बाकीच्यांच्या उजेडात भिंत नुसती तांबडी होती. यात तिच्यात गेरू दिसला, हळद दिसली, मधे मधे काळसर ठिपके, आणि एका भेगेत उगवलेलं नेचं इतकं कोवळं हिरवं दिसलं, की सोहमनं जाऊन त्याला हात लावला. कुणी लुमेन विचारले नाहीत. वासंतीबाईंना इतके दिवस लिहून जे मिळालं नव्हतं ते तिथे उभ्या उभ्या मिळालं: कुणीतरी त्या पाहतात ते त्यांच्या शेजारी उभं राहून पाहत होतं.

पाहुणे जेवून, डागावर कोरफड लावलेल्या परशुरामांचा निरोप घेऊन गेले. केतननं प्रामाणिकपणे मंडळावर सगळं लिहिलं, चित्रफितीसकट. दोन दिवस मंडळात दुसरा विषय नव्हता. एकानं फसवणूक झाल्याचं म्हटलं आणि मंडळ सोडलं. संध्याकाळी परत आला, कारण त्याच्या टॉर्चला कुलूप लागलं होतं. आता हाक काय मारायची, यावर वाद झाला. काहीजण काकू म्हणू लागले. वासंतीबाईंनी कळवलं की काकू म्हणायला हरकत नाही, पण काकूंना लोक लोणच्याचं प्रमाण विचारतात, तेव्हा सरच राहू द्या. परशुरामांनीही मंडळात नाव घातलं. ते रोज सकाळी उजेडाविषयी एक विचार लिहितात. त्यात तथ्य काही नसतं, पण त्यांना वासंतीबाईंपेक्षा जास्त अंगठे येतात, आणि यावरून घरात थोडी कुरबुर असते.

या सगळ्याची बातमी वरवड्याच्या कमळाला लागली. कमळा टोपली घेऊन दारावर मासे आणते. तिला पहाटे अंधारात लिलावाला जावं लागतं, आणि सुनेनं, सानवीनं, आणून दिलेली टॉर्च तिला पसंत नव्हती, कारण ती मधेच पोलिसांच्या गाडीसारखी लुकलुकायला लागायची. आगाशीणबाईंकडे बॅटऱ्यांचं दुकान आहे, असं तिनं ऐकलं होतं.

वासंतीबाईंनी तिला ओटीवर बसवून सगळा संग्रह मांडला आणि एकेकीचं माहात्म्य सांगितलं. कमळानं शांतपणे ऐकून घेतलं.

"वयनी, ह्यातली एकदा दाबल्यावर पेटणारी नि परत दाबल्यावर इझणारी खयची?"

वासंतीबाईंनी संग्रहावरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली. मिचकावणाऱ्या होत्या, कुलुपाच्या होत्या, स्मरणशक्तीच्या होत्या, काजव्याइतक्या मंद जळणाऱ्या होत्या. नुसती पेटणारी आणि विझणारी एकही नव्हती.

त्यांनी कमळाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मग सगळ्यात गुणी टॉर्च निवडली, माहितीपत्रक काढलं, चष्मा लावला आणि तिला साधं कसं करायचं ते शोधत बसल्या. तशी सोय होती, पण लपवून ठेवलेली. दहा वेळा दाबायचं, शेवटचं धरून ठेवायचं, ती लुकलुकली की सोडायचं. पहिल्यांदा लवकर सुटलं, दुसऱ्यांदा उशिरा. परशुराम शेजारी बसून आकडे मोजायला लागले, कर्ण्यावरच्या आवाजात. दुपारी कधीतरी टॉर्च सगळं विसरली. वासंतीबाईंनी दाबलं, पेटली. दाबलं, विझली. खात्री व्हावी म्हणून त्यांनी ती परशुरामांच्या हातात दिली. त्यांनीही पेटवली, विझवली, आणि परत देईनात. अशी आपल्यालाही एक हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं.